एका टाचणीचा मत्सर

माझ्या जावेकडे गुरुपौर्णिमेला इतकी माणसं येतात की चपला ठेवायला पायऱ्या पुरत नाहीत. ती देवासच्या एका शाळेत गणित शिकवायची. तिचे विद्यार्थी इंजिनीअर झाले, तहसीलदार झाले, एक तर कुठल्याशा परदेशात बोगदे खणतो आणि दर वर्षी न चुकता फोन करतो. "मॅडम, सब आपकी वजह से," असं तो म्हणतो आणि ती फोन स्पीकरवर टाकते, कारण शेजारच्या खोलीत मी श्रीखंड घोटत असते. माझ्या पोटात दुखतं. इतकी वर्षं दुखतंय, आता या वयात लपवून काय करू?

मीही शिक्षिकाच. फरक इतकाच, की माझा विद्यार्थी मला विसरला तर माझं काम चांगलं झालं असं समजायचं. मी स्वमग्न मुलांना शिकवायची, म्हणजे ज्यांना लोक ऑटिस्टिक म्हणतात त्यांना. हा काही आजार नव्हे, औषधाने जात नाही. या मुलांना आवाज, उजेड, स्पर्श, माणसांचे चेहरे आपल्यापेक्षा वेगळ्या तऱ्हेने पोचतात. बोलण्याआधी त्यांना वेळ लागतो, आणि ठरलेलं मोडलं की जीव कासावीस होतो. लहानपणी सगळे त्यांचे लाड करतात. सात वर्षांचा मुलगा बसमध्ये हात हलवत बसला तर बाया हसतात. सतरा वर्षांचा तसाच बसला तर जागा बदलतात. मूल तेच असतं, फक्त त्याला मिशा फुटलेल्या असतात. माझं खरं काम तिथून सुरू व्हायचं.

बाहेरच्यांना वाटतं आम्ही मुलांकडून मणी ओवून घेतो. मी काय शिकवलं ते सांगते. दार लावून कपडे बदलायचे. पाळीच्या दिवसांत काय करायचं. कुणी अंगाला हात लावला तर मोठ्याने नाही म्हणायचं, मग तो काका असो की महाराज. दुकानात दिवे गेले तर किंचाळायचं नाही, जिथे आहोत तिथेच थांबायचं. रांगेत उभं राहायचं. आणि हे सगळं आईविना करायचं, कारण प्रत्येक आईबापाच्या मनात एकच प्रश्न असतो: आमच्यामागे हिचं काय?

यातली मुख्य गोष्ट म्हणजे मदत मागे घेणं. आधी आपण हात धरून करवतो. मग फक्त कोपराला स्पर्श. मग बोट दाखवायचं. मग नुसती नजर. मग नजरही काढायची. शेवटी आपण खोलीत नसतो आणि काम होतं. नव्या मुली माझ्याकडे हे काम शिकायला यायच्या तेव्हा मी त्यांना दटावून सांगायची, "तुझी मान हलते. हलवू नकोस. तो काम बघत नाही, तुझी मान बघतोय." या बाबतीत माझा दरारा होता.

मनावर नावाच्या गावचा एक मुलगा आमच्या वसतिगृहात होता. एकट्याने बसने घरी जायला त्याला शिकवण्यात माझे आठ महिने गेले. शेवटच्या प्रवासात मी तोंडावर पदर ओढून तीन रांगा मागे बसले होते. मनावर आलं, तो उठला, पिशवी घेतली आणि कंडक्टरला म्हणाला, "थैंक यू, भिया." कंडक्टरला! त्या माणसाने तिकीट फाडण्यापलीकडे काय केलं होतं? परतीच्या बसमध्ये मी इंदूरपर्यंत धुसफुसत बसले. तेव्हा वाटलं, थकवा असेल. तो मत्सर होता, हे मला रेवाने दाखवलं.

रेवा सात वर्षांची असताना आमच्या संस्थेत आली. घरचं वळण जुनं मराठी, वडील पाटबंधारे खात्यात, मोठा भाऊ निखिल शिकून पुण्याला लागला. पहिल्या दिवशी तिने माझ्या टेबलावरची रंगीत खडूंची पेटी उलटी केली आणि फिक्यापासून गडदपर्यंत सगळे खडू लावून ठेवले. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पुढची बारा वर्षं मी तिच्याबरोबर होते. तिचं पहिलं 'नाही' मी ऐकलं. तिला वेणी घालायला मी शिकवलं, सायकल मी शिकवली. मला स्वतःची मुलगी नाही, हे इथे एकदाच सांगते.

ती एकोणीस वर्षांची झाली त्याच वर्षी तीन गोष्टी झाल्या. मी निवृत्त झाले, तिच्या वडिलांची धारला बदली झाली आणि त्यांच्या छातीत पहिल्यांदा दुखलं. निखिल घाबरला. त्याने एका लांबच्या शहरातलं कायमचं निवासगृह पाहून ठेवलं. मुलगा वाईट नव्हता, हिशेबी काळजीचा होता. तो म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघू. रेवा रोजचा दिवस स्वतः काढू शकली, कामावर एकटी राहू शकली, तर ती इथेच राहील. नाहीतर जागा गेली की पुन्हा मिळणार नाही. ताई, तुम्ही सांगाल ते मी ऐकेन."

तुम्ही सांगाल ते. त्या तीन शब्दांनी मी सुखावले. रेवाची आई मंदा हिने फोन केला आणि मी दर आठवड्याला तीन दिवस धारला जाऊ लागले. देवास ते इंदूर, इंदूर ते धार, डब्यात दशम्या आणि पिशवीत कामाचे टप्पे दाखवणाऱ्या माझ्या चित्रांच्या पट्ट्या.

काम शोधायला फार हिंडावं लागलं नाही. मंदा रेवाला घेऊन बाजारात एका मॅचिंग सेंटरमध्ये गेली होती. पुरुष वाचकांसाठी सांगते: साडीच्या काठाला आतून कापडाची पट्टी लावतात, तो फॉल. साडीच्या रंगाचा फॉल, ब्लाउजपीस, अस्तर असं सगळं ज्या दुकानात मिळतं ते मॅचिंग सेंटर. भिंतभर खण असतात, आणि नुसत्या मोरपंखीच्याच दहा छटा. तिथे मालकिणीने एक फॉल काढला, रेवाने तो परत सारला आणि दुसरा ओढला. मालकीण दोन्ही घेऊन बाहेर उन्हात गेली, पाहून आत आली आणि म्हणाली, "या छोरी म्हारे दे दो."

ही शकुनजीजी. माळव्यातली, साठीची, विधवा, आवाज असा की समोरच्या चहाच्या टपरीवर बसून ऐकू यावा. मी तिला भेटायला गेले ती तयारीनिशी. तासभर तिला समजावून सांगितलं: रेवाशी कसं बोलायचं, एका वेळी एकच सूचना कशी द्यायची, गर्दी झाली तर काय. ती सुपारी कातरत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बेनजी, तम चिंता मत करो. म्हारी सासू भी असी ज थी. दो बात एक साथ बोलो तो थाली फेंके."

इतक्या वर्षांचं माझं शास्त्र तिने सासूवर नेऊन बसवलं! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण जागा चांगली होती, मी गप्प बसले.

काम असं ठरलं: गिऱ्हाईक साडी देईल, रेवा ती काउंटरवर उलगडेल, फॉल निवडेल, साडीला टाचून बाजूला ठेवेल, मग पुढची साडी. पैसे जीजी घेणार. पहिला आठवडा मी रेवाच्या शेजारी उभी होते. मग स्टुलावर. मग दारात. चौथ्या आठवड्यात मी समोरच्या टपरीवर जाऊन बसले, तिथून काचेतून दुकान दिसायचं. अगदी पुस्तकात लिहिल्यासारखी मी मदत मागे घेत होते.

आणि रेवा काय काम करायची! अमझेऱ्याची एक बाई मुलीच्या लग्नाच्या अकरा साड्या घेऊन आली. एका जांभळ्या साडीला तिला स्वतःच्या पसंतीचा फॉल हवा होता. रेवा म्हणाली, "नहीं." बाई म्हणाली, "अरे, मुझे चाहिए." रेवा म्हणाली, "गलत है," आणि फॉल खणात ठेवून दिला. मी टपरीवरून उठलेच, माफी मागायला. मी तिला गिऱ्हाइकाशी नम्रपणे बोलायला शिकवलं होतं ना! जीजी मात्र मांडीवर थाप मारून हसत होती. "दो बार धुलेगी तब समझोगी, बाई. छोरी झूठ नी बोले." अमझेऱ्याची बाई रेवाने दिलेला फॉल घेऊन गेली, आणि पुढच्या आठवड्यात बहिणीला घेऊन आली. दुकानात शिरतानाच विचारत होती, "वो नहीं बोलने वाली लड़की कहाँ है?"

मात्र एक अडचण होती. मी देवासला असायची त्या दिवशी रेवा पहिली साडी उलगडायची, फॉल निवडायची, टाचायची आणि तशीच उभी राहायची. हात टाचणीवर, डोळे काचेकडे. जीजीने हाक मारली तरी हलायची नाही. मंदाचा फोन यायचा, "नीलाताई, तुम्ही नसलात की काही होत नाही हो." मी म्हणायची, "अरे देवा!" आणि फोन ठेवून खुशाल चहा करून प्यायची. तो चहा मला गोड लागायचा, हे कबूल करायला मला पाच वर्षं लागली आहेत.

एका बुधवारी जीजी रस्ता ओलांडून टपरीवर आली. माझ्यासमोर बसली, स्वतःसाठी अर्धा कट चहा मागवला आणि म्हणाली, "बेनजी, बुरा मत मानजो. तम चश्मो पोंछो, जद छोरी आगे बढ़े."

"काय?"

"चश्मो. फॉल बराबर लागे तो तम चश्मो उतारो, पल्लू से पोंछो, पाछो लगाओ. छोरी याज देखे. तम नी, तो चश्मो नी. तो वा खड़ी."

मी हसण्यावारी नेलं. मग परत काचेतून पाहिलं. रेवाने फॉल टाचला, मान वर केली, रस्त्यापलीकडून माझ्याकडे पाहू लागली. माझा हात चष्म्याकडे गेलेला होता.

शेकडो मुलींना दटावणारी मी! 'काम झालं, शाब्बास' हे मी तोंडाने बोलणं सोडलं, मान हलवणं सोडलं, आणि चष्म्यात लपवून ठेवलं. कदाचित बारा वर्षं. मी मदत मागे घेतलीच नव्हती, फक्त रस्त्यापलीकडे नेऊन ठेवली होती. आणि हे मला कुणी सांगावं? सुपारी कातरणाऱ्या दुकानदारणीने. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या आठवड्यात मी गेले तर काम होऊन बसलं होतं. जीजीने रेवाला एवढंच सांगितलं होतं, "टाचणी लगी, काम पूरा. साड़ी टोकरी में, दूसरी उठा." तीन वेळा स्वतः करून दाखवलं. टाचणीचं डोकं लाल मण्याचं होतं. लाल मणी दिसला की संपलं, कुणाच्या तोंडाकडे बघायचं कारणच नाही. रेवा साडीमागून साडी टोपलीत टाकत होती. मी टपरीवर आले, बसले, उठले, तिने मान वर केली नाही. आयुष्यात मी पुष्कळ जणांवर जळले आहे, पण एका टाचणीचा मत्सर वाटायची ती पहिलीच वेळ.

आता पुढचं लिहिते. या लेखात एवढंच लिहिण्याजोगं आहे.

दिवाळीला तीन आठवडे राहिले होते. मी टपरीवर होते, रेवा एका मोतिया रंगाच्या साडीला फॉल जुळवत होती. तो अजून निवडून झाला नव्हता. मी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. सवयीने नाही, मुद्दाम. पुसताना काच थोडी उन्हात धरली, तिला चकाकी दिसावी म्हणून. रेवाची मान वर झाली. तिने हातातला अर्धवट पाहिलेला फॉल तसाच टाचला, मग खाली पाहिलं, चुकलं हे तिला कळलं, आणि तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. ती पुढची कितीतरी मिनिटं तशीच उभी होती. जीजी तिच्याजवळ गेली नाही, गिऱ्हाइकांना बाहेर थांबवलं, पंखा बंद केला आणि वाट पाहिली. मी हलले नाही. तिला अजून माझी गरज आहे एवढंच माझ्या मनात येत होतं, आणि त्याचा मला आनंद होत होता.

त्या संध्याकाळी निखिलचा फोन आला. मी त्याला म्हणाले, "अजून तयार नाही रे. आजच अडली. सणाच्या गर्दीत मी जबाबदारी घेणार नाही." मला काय हवं होतं? त्याने म्हणावं, मग ताई, तुम्ही आणखी वर्षभर येत राहा. तो म्हणाला, "ठीक आहे. मग मी तिकडची जागा पक्की करतो."

पुढच्या वेळी मी धारला गेले तेव्हा दुपारचं ऊन पडवीत आलं होतं आणि मंदा रेवाच्या कुडत्यांच्या गळ्याला आतून नाव टाकत बसली होती. निवासगृहात कपडे एकत्र धुतात, म्हणून प्रत्येक कपड्यावर नाव हवं असतं. लाल दोऱ्याने 'रेवा' असं सहा कुडत्यांवर लिहून झालं होतं. रेवा समोर बसून ते पाहत होती.

"सोमवारी दुकान आहे," ती म्हणाली.

 मंदाने दोरा दाताने तोडला.

"सोमवारी दुकान आहे. मंगळवारी दुकान आहे."

इतक्या दिवसांत मी, मंदाने, निखिलने, तिच्या वडिलांनी, सगळ्यांनी तिच्याबद्दल ठरवलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. मी तर तिला 'नाही' म्हणायला शिकवणारी बाई! ती तिच्या पद्धतीने ते म्हणत होती, आणि मंदा सातवा कुडता हातात घेत होती.

"मंदा, थांब," मी म्हणाले. "मी निखिलशी खोटं बोलले." आणि सगळं सांगितलं. टपरी, चष्मा, मोतिया साडी, उन्हात धरलेली काच.

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा म्हणेल, जाऊ द्या ताई, तुम्ही इतकं केलंत तिच्यासाठी. तिने सुई कुडत्यात खोचली, कुडता बाजूला ठेवला.

"का?" एवढंच विचारलं.

"मला सोडवत नव्हतं."

"तुमची कोण ती?" मंदा म्हणाली. आवाज चढवला नाही. "माझी आहे ना? मला सोडवतंय का? तरी मी नावं टाकत बसलेय." मग म्हणाली, "उद्यापासून तुम्ही दुकानात जाऊ नका. दिवाळीपर्यंत धारलाच येऊ नका. निखिलला मी सांगेन. पण आधी तुम्ही सांगा, माझ्यासमोर."

मी तिच्यासमोर फोन लावला आणि निखिलला खरं सांगितलं.  तो म्हणाला, "आता मी स्वतः बघतो." मी पिशवी उचलली आणि बस पकडली. इतक्या वर्षांत कुणी पालकाने मला घराबाहेर काढलं नव्हतं, आणि ते बरोबरच झालं असं मी म्हणेन.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, म्हणजे बाजार सगळ्यात भरलेला असताना, निखिल पुण्याहून आला आणि बहिणीला न कळवता समोरच्या टपरीवर बसला. माझ्याच बाकावर. सकाळपासून दुपारपर्यंत बसला. मधे एकदा दिवे गेले. दुकानात बायांचा गलका झाला आणि रेवा जिथे होती तिथेच उभी राहिली, दिवे येईपर्यंत. मग पुढची साडी घेतली. निखिल उठला, घरी गेला, जेवला आणि त्या निवासगृहाला जागा नको म्हणून कळवून टाकलं. हे सगळं मला मंदाने फोनवर चार वाक्यांत सांगितलं. ज्या दिवसासाठी मी बारा वर्षं खपले तो दिवस मी पाहिला नाही. मी देवासला चकल्या तळत होते. जीव भांड्यात पडला, हे खरं. आणि त्या बाकावर बसलेल्या निखिलवर मी जळले, हेही तितकंच खरं.

त्यानंतर मंदा माझ्याशी बोलू लागली, संक्रांतीला तिळगूळही पाठवला, पण मला धारला बोलावलं नाही, आणि मी गेले नाही. गेले नाही याचा मला अभिमान आहे. अख्ख्या कारकिर्दीत मदत पूर्ण मागे घेतलेली अशी माझी ही एकच वेळ.

या वर्षी मात्र भाचीच्या लग्नासाठी एक नारिंगी साडी घेतली, आणि फॉल काय देवासला मिळत नाहीत? पण मी धारची बस धरली. मंदाला आधी फोन करून विचारलं. ती म्हणाली, "या. आता काय!"

दुकानात जीजी नव्हती. मुलीच्या बाळंतपणाला नेमावरला गेली होती. पैसे घ्यायला तिचा दीर कोपऱ्यात बसला होता, पेपर वाचत. काउंटरवर रेवा एकटी. चोवीस वर्षांची, केस मागे घट्ट बांधलेले, कानात झुमके. झुमके कुणी घातले असतील तिला? कानाला काही लागलेलं तिला खपायचं नाही. बहुतेक तिनेच घेतले असावेत. मी साडी पुढे केली. तिने ती उलगडली, काठाजवळ बोट फिरवलं, वळली आणि पहिल्याच झटक्यात बरोबर खणात हात घातला.

"जरा गडद नाही वाटत?" मी मराठीत विचारलं, ओळख पटावी म्हणून.

"नाही, नीलाताई," ती म्हणाली, साडीकडे बघत.

म्हणजे ओळखलं होतं!  मला खूप बोलायचं होतं. मी काउंटरला हात टेकून उभी राहिले आणि म्हणाले, "कशी आहेस ग? बरी आहेस ना? घरी सगळे..."

"फॉल झाला," रेवा म्हणाली.

"हो, छान झाला. पण मी म्हणते..."

"झाला. बाजूला व्हा. लोक थांबलेत."

मागे वळून पाहिलं तर खरंच दोन बाया उभ्या होत्या. मी साडी उचलली आणि बाजूला झाले. पहिली बाई पुढे सरकली, तिने एक साधी हिरवी सुती साडी काउंटरवर ठेवली, आणि रेवाने ती दोन्ही हातांनी उलगडायला घेतली. दारात उभी राहून मी ते पाहिलं आणि खरं सांगते, मला त्या बाईचाही हेवा वाटला.